गॅलरीतली तुझी बाजू

यूसुफ, आज तुझ्या बाजूची धूळ पुसली. नियम मोडला, कबूल आहे. आपापली बाजू आपणच पुसायची आणि दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम तुझाच. मी तो तीन वर्षं पाळला. तू रागावून निघून गेलास, त्यानंतरचे चार महिनेही पाळला. तुझ्या रंध्यावर धुळीचा थर चढत होता. नलिनी रोज सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना तो बघायची आणि मग काही न बोलता माझ्याकडे बघायची. माझ्या बायकोचं न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त लागतं, हे तुला मी सांगायला नको.

तू वारलास त्याला आज बेचाळीस दिवस झाले. काल तुझी मुलगी रुबीना घरी येऊन गेली. तिने जे आणून दिलं आणि जे सांगितलं, त्यानंतर फडकं हातात घेतल्याशिवाय राहवेना. तेच सांगायला बसलोय. पण तू मला ओळखतोस. मी सरळ मुद्द्यावर येत नाही, आधी सगळी चौकट आखून घेतो.

एकाच कारखान्यात आपण बत्तीस वर्षं काढली. मी वरच्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिसात, पंख्याखाली. तू खाली पॅटर्न शॉपमध्ये, भुशात. पंपाच्या एखाद्या भागाचं चित्र मी कागदावर काढायचो. तू त्या आकाराचा लाकडी नमुना करायचास. फाउंड्रीवाले तो वाळूत दाबून साचा घ्यायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचे. म्हणजे माझ्या रेघा आणि त्यांचं लोखंड यांच्या मधे तुझे हात होते. माझं काही चुकलं की तू जिना चढून वर यायचास, कागद माझ्यासमोर पसरायचास आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचास, "ड्रॉइंगवाल्या, हा बोल्ट आत कुठून जाणार? दुआ मागून?" सगळे हसायचे. मी खोडरबर शोधायचो. तुझा राग यायचा आणि तू चार दिवस वर आला नाहीस तर चुकल्याचुकल्यासारखंही व्हायचं.

रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष मी पेपर वाचण्यात घालवलं. दोन पेपर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. "तिसरा लावू का?" असं नलिनीने विचारलं, त्याच आठवड्यात तू आलास. चहा प्यायलास, कप खाली ठेवलास आणि म्हणालास, "मला एक इंजिन करायचंय."

तुझे अब्बा रेल्वेत फायरमन होते, हे मला माहीत होतं. ते वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायचे. घरी यायचे तेव्हा भुवया जळलेल्या असायच्या आणि तुला लहानपणी वाटायचं की मोठ्या माणसांना भुवया नसतातच. हेही तू मला कधीतरी कँटीनमध्ये सांगितलं होतंस. त्यांच्या इंजिनाची लाकडी प्रतिकृती करायची, सोळाव्या हिश्श्याची, हुबेहूब, हे तू बहुतेक तेव्हापासूनच मनात धरून होतास. "नाना पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत जागा नाही," तू म्हणालास, "आणि चित्र काढायला माणूस लागेल. जागा तुझी, चित्र तुझं. बाकी मी बघतो."

"बाकी" या शब्दात किती काय मावतं, ते मला पुढच्या सहा महिन्यांत कळलं.

पहिला अडथळा नलिनी. मागच्या गॅलरीत तिच्या कपड्यांच्या दोऱ्या, तिची तुळस, तिच्या लोणच्याच्या बरण्या. मी तिला विचारायला घाबरत होतो. तू सरळ गॅलरीत जाऊन उभा राहिलास, छताकडे बघितलंस आणि म्हणालास, "वहिनी, दोऱ्या वर गेल्या तर चालतील?"

"वर म्हणजे कुठे, यूसुफभाई? मी शिडी लावून कपडे वाळत घालू?"

आठ दिवसांनी तू कप्पी लावलेली सागवानी चौकट घेऊन आलास. दोरी ओढली की कपडे छताला, सोडली की हातात. नलिनीने चार वेळा वरखाली करून बघितलं. मग म्हणाली, "बरं. पण इंजिनावर ओल्या साडीचं पाणी ठिबकलं तर माझ्याकडे बघायचं नाही." गॅलरी आपल्याला मिळाली. आमच्या लग्नाला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती आणि तिच्याशी असा सरळ व्यवहार करता येतो, हे मला तेव्हा समजलं.

मग टेबल. गॅलरीची रुंदी मी टेपने मोजली. भिंतीपासून भिंतीपर्यंत सहा फूट. तुला म्हणालो, दोन सूत, पाव इंच, कमी धर, म्हणजे सहज बसेल. तू चिठ्ठीवर लिहून घेतलंस. टेप तू हातातही धरली नाहीस. "टेप शिंप्याने वापरावी," हे तुझं ठरलेलं. तुझ्याकडे तुझ्या उस्तादांनी दिलेली दोन फुटी पोलादी पट्टी होती. तिच्यावरचे आकडे घासून जवळजवळ पुसले गेले होते, पण तुला आकड्यांची गरज नसायची. तुझ्या घरी भाभींनी तिला निळ्या कापडाची खोळ शिवली होती. रिटायर होताना मोजमापाची बाकी सगळी हत्यारं तू स्टोअरला परत केलीस. ती कारखान्याची होती. ही एवढी तुझी स्वतःची.

टेबल तुझ्या घरामागे तयार झालं, टेम्पोतून सदाशिव पेठेत आलं, आपण चार विश्रांत्या घेत ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं आणि गॅलरीत नेलं तर अर्धा इंच मोठं. एक बाजू भिंतीला टेकून तिरकं उभं राहिलं.

"भिंत वाकडी आहे तुझी," तू म्हणालास.

"बिल्डरचं काम. दुसरं काय होणार?"

"बिल्डरचा काय दोष? नकाशा कुठल्यातरी ड्रॉइंगवाल्यानेच काढला असेल."

टेबल कापायला तू तयार नव्हतास. पटाशी आणि हातोडी घेतलीस आणि दोन्ही भिंतींचं प्लास्टर टेबलाच्या जाडीएवढं खरवडून काढलंस. अर्ध्या तासात टेबल भिंतीत जाऊन बसलं. नलिनी दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "चला. आता आम्ही घर सोडलं तरी टेबल काही घर सोडत नाही." ते अजून तसंच आहे, दोन्ही भिंतींनी दातांत धरल्यासारखं.

उंचीवरून तर आपण तीन रविवार भांडलो. तुम्ही पॅटर्नवाले जन्मभर उभ्याने काम करणारे, टेबल कमरेच्या वर हवं. आम्ही ड्रॉइंगवाले बसून. शेवटी उंची तुझी ठरली आणि माझ्यासाठी तू एक उंच स्टूल केलंस. खिडकी समोर, तू डावीकडे उभा, मी उजवीकडे बसलेला. तू डावखुरा, मी उजवा, त्यामुळे तीन वर्षांत कोपराला कोपर एकदाही लागलं नाही. ही जागांची वाटणी आपण विचार करून केली नव्हती. पहिल्या दिवशी उभे राहिलो ते तसेच राहिलो.

हत्यारांच्या फळ्या मात्र तू विचार करून लावल्यास, पॅटर्न शॉपच्या रिवाजाने. डाव्या भिंतीवर तुझी, उजव्या भिंतीवर माझी. प्रत्येक हत्यार फळीवर ठेवायचं, कडेने पेन्सिल फिरवायची, आत रंग भरायचा. तुझ्याकडे हिरवा, माझ्याकडे निळा. हत्यार जागेवर नसलं की रंग दिसतो आणि लगेच समजतं की काहीतरी बाहेर आहे. त्याच दिवशी तू नियम सांगितलास, "माझ्या भिंतीला हात लावायचा नाही. मी तुझ्या भिंतीला लावणार नाही. लागलं तर माग, मी देईन. पण पट्टी मागायची नाही. पट्टी ज्याची त्याची." पॅटर्न शॉपमध्ये दुसऱ्याच्या पट्टीने माप घेणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं तुमच्यात मानतात म्हणालास. मला ते फार आवडलं होतं. आता त्या आवडण्याचा राग येतो.

तुझ्या फळीवर सगळ्यात वर एक लांब हिरवा पट्टा होता, पट्टीचा. तू आलास की खोळीतून काढून ती तिथे टांगायचास आणि जाताना परत खोळीत घालून घरी न्यायचास. बाकी हत्यारं इथेच राहायची.

मला हत्यार धरायला तू शिकवलंस, यूसुफ. हे तुझ्यासमोर कधी बोललो नाही. आयुष्यभर मी वस्तू केल्या त्या कागदावर. साठी उलटून गेल्यावर कळलं की माझ्या हातांना काहीच येत नाही. पहिले तीन रविवार तू मला फक्त पटाशीला धार लावायला लावलीस. दगड, पाणी, पटाशी. "लाकूड कधी देणार?" विचारलं तर "धार कधी देणार?" चौथ्या रविवारी माझ्या पटाशीने पोस्टकार्डाची कड उभी कापलीस, कागदाकडे बघितलंस आणि सागवानाचा एक तुकडा माझ्यासमोर सरकवलास. प्रमोशनच्या दिवशीही मी एवढा खूश नव्हतो.

आणि ती माप घ्यायची सकाळ. रेल्वेच्या एका कचेरीसमोर शोभेला ठेवलेलं, तुझ्या अब्बांच्या इंजिनाच्याच जातीचं एक इंजिन तू हेरून ठेवलं होतंस. मी टेप धरली, कारण चौदा मीटरचं धूड तुझ्या दोन फुटी पट्टीने मोजायला दिवाळी आली असती. तू नाक मुरडून टेपचं दुसरं टोक धरलंस. वॉचमन आला.

"ओ काका, काय चाललंय?"

"माप घेतोय," तू म्हणालास. "इंजिनाला शर्ट शिवायचाय."

तो बिचारा दोन मिनिटं विचार करत उभा राहिला आणि मग आपल्याला पाणी आणून दिलं. माझ्या वहीत एकशे चाळीस मापं झाली. शेवटी तू केबिनमध्ये चढलास. मी खाली वही मिटत होतो. तू वर भट्टीच्या तोंडासमोर उभा राहिलास, पाय फाकवून, जसे ते उभे राहत असतील तसा. बराच वेळ. मग एवढंच म्हणालास, "इथे फार जागा नाही रे."

त्या दिवसापासून काम वाटलं गेलं. चित्रं माझी. खालची चौकट, चाकं, दांडे मी करायचे. बॉयलर आणि केबिन तू. दोन वर्षं रविवारमागून रविवार. रंगावरून वाद चालूच होता. तू म्हणायचास अब्बांचं इंजिन गर्द हिरवं होतं, मी म्हणायचो समोर उभं होतं ते काळं होतं आणि मी बघितलेलंच मानतो. "तू काजळी बघितलीस," तू म्हणायचास.

मग दिवाळीनंतरचा तो रविवार. तुझा बॉयलर पूर्ण झाला होता. लाकडाचा आहे हे हात लावल्याशिवाय कळलं नसतं, इतका नितळ. तो माझ्या चौकटीवर बसवायचा दिवस. नलिनीही चहा घेऊन मुद्दाम येऊन उभी राहिली. पुढचा टेकू बसला. मागचा बसेना. दोन टेकूंमधलं अंतर आणि बॉयलरची लांबी जुळत नव्हती.

मी माझी पट्टी लावली. साठ सेंटिमीटर, सहा मिलिमीटर. चित्रात होते साठ.

तू तुझी लावलीस. "साठ. रेघेवर."

"सहा मिलिमीटर जास्त आहे, यूसुफ."

"साठ आहे. तुझी चौकट आखूड आहे."

मी चौकट मोजली. माझ्या पट्टीवर ती बरोबर होती. अर्थातच. तू तुझ्या पट्टीने मोजलीस, तुला ती आखूड भरली. अर्थातच. आपण दोघंही खरं बोलत होतो आणि दोघांचेही आवाज चढत होते. मग मी म्हणालो, "त्या पुसलेल्या पट्टीवर तुला आकडे तरी दिसतात का? डोळे तपासून घे एकदा." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणालो, "हात राहिला नाही तुझा आता. मान्य कर."

नलिनीने माझं नाव घेऊन मला थांबवलं. सबंध संसारात तिने माझं नाव घेतलं ते तेवढं एकदा.

तू चहा उभ्याने पूर्ण प्यायलास, कारण वहिनींनी केलेला चहा तू कधी टाकला नाहीस. हात पुसलेस. भिंतीवरून पट्टी काढलीस, खोळीत घातलीस. "बरं," म्हणालास. "मग तूच कर." आणि जिना उतरलास. जिन्यात तुझी पावलं मी दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकली.

हात राहिला नाही. हे मी पॅटर्नमेकरला म्हणालो. गवयाला गळा गेला म्हणण्यासारखं. मला हे त्याच दिवशी संध्याकाळी समजलं होतं. मग गेलो का नाही? लक्ष्मी रोडवरून सरळ चालत सुटलो असतो तर अर्ध्या तासात तुझ्या दारात आलो असतो. नलिनी दर आठवड्याला म्हणायची, "अहो, जाऊन या." मी म्हणायचो, "त्याची हत्यारं इथेच आहेत. येईल." तुझी हत्यारं मी ओलीस ठेवल्यासारखी धरून होतो. खरं कारण एवढंच होतं की माझ्या पट्टीवर सहा मिलिमीटर जास्त होते. मी बरोबर होतो. बरोबर असलेल्या माणसाने आधी का जायचं? मी पुण्याचा आहे आणि तूही माझ्याइतकाच पुण्याचा. दोघांनीही फोन केला नाही.

मार्चमध्ये फोन आला तो रुबीनाचा. गुरुवारी दुपारी जेवून पडलास तो उठलाच नाहीस. मी तुझ्याकडे आलो तो तुला माती द्यायला. तीन मुठी दिल्या. तिसरी देताना तुझ्या भावाने माझा दंड धरला, कारण मी पुढे वाकलो होतो आणि मला परत सरळ होता येत नव्हतं.

आता काल. रुबीना आली, सोफ्याच्या कडेवर बसली. पिशवीतून निळी खोळ काढली.

"काका, ही अब्बांची पट्टी. अम्मी म्हणाली, हिची टांगायची जागा तुमच्याकडे आहे ना, मग तिथेच राहू दे."

मी ती घेतली. नलिनीने पाणी आणलं. जायला उठता उठता रुबीना म्हणाली, "काका, एक विचारू? ते गेले ना, त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, पलंगावर बसून ही पट्टी पुसत होते. मग माझ्या आयेशाला म्हणाले, तुझी शाळेची फूटपट्टी दे गं जरा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. आणि मग हसायलाच लागले. इतके हसले काका, अम्मी किचनमधून पळत आली, म्हटलं झालं काय यांना! विचारलं तर म्हणाले, तुम्हाला नाही कळायचं, हे ड्रॉइंगवाल्यालाच कळेल. रविवारी जातो आणि सांगतो त्याला." तिने पिशवीची घडी घातली. "काय होतं ते, काका?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं तिला. ती गेल्यावर गॅलरीत आलो, तुझी पट्टी खोळीतून काढली. माझ्या भिंतीवरून माझी काढली. दोन्हींची एक टोकं जुळवून टेबलावर शेजारी ठेवली.

तुझे साठ सेंटिमीटर माझ्या साठच्या पुढे गेले होते. सहा मिलिमीटर पुढे.

भिंग आणलं. तुझ्या पट्टीच्या टोकाशी, घासून गेलेल्या जागेत, एक बारीक कोरीव अक्षरांची ओळ अजून शिल्लक आहे. शंभराला एक.

ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करायचा असतो. प्रत्येक मापाला हिशोब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा शंभरावा हिस्सा मोठा. कारखान्यात तुझ्याकडे दोन पट्ट्या होत्या, एक साधी आणि एक ही. साधी स्टोअरला गेली. ही राहिली. आणि बत्तीस वर्षं ही हातात धरलेल्या माणसाला गॅलरीत उभं राहून आठवलं नाही की हे इंजिन ओतायचं नाहीये. हे लाकडाचंच राहणार आहे. हे आकसणार नाही.

तुला आठवलं नाही ते सोड. मला आठवायला हवं होतं. बत्तीस वर्षं माझ्याच हाताने ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मी लिहीत आलो की आकसण्याचा भाग पॅटर्नवाल्याने धरावा. पण पट्टी ज्याची त्याची. एकदा, फक्त एकदा, तुझी पट्टी माझ्या पट्टीशेजारी ठेवली असती!

तुझ्या पट्टीने तुझा बॉयलर मोजला. साठ. रेघेवर. पन्नास वर्षं लाकूड कापलेल्या, पासष्टीला टेकलेल्या हाताने केसाचाही फरक केला नव्हता. मग वाकून टेबल मोजलं. सहा फुटाला दोन सूत कमी. तंतोतंत. आमची भिंत सरळ आहे, यूसुफ, बिल्डरही निर्दोष आणि त्याचा तो ड्रॉइंगवालाही. मला हसू फुटलं. इतकं की नलिनी स्वयंपाकघरातून पळत आली. तिला दोन्ही पट्ट्या दाखवल्या. तिने बघितलं, समजून घेतलं आणि म्हणाली, "दोघांनी मिळून जन्म मोजण्यात घालवला." मग तिचा आवाज बदलला, कारण मी आता हसत नव्हतो. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी लहान मुलासारखा रडलो. कबरस्तानातही रडलो नव्हतो.

हात होता तुझा. शेवटपर्यंत होता. मी जे म्हणालो ते खोटं होतं आणि ते परत घेतो. तू असताना घ्यायला हवं होतं, हे मला कळतं. पण तू बुधवारी हसलास आणि रविवारी येणार होतास, एवढं तरी मला मिळालं. तुझा राग घेऊन तू गेला नाहीस. रुबीना हे न सांगता गेली असती तर मी उरलेली वर्षं कशी काढली असती, कोण जाणे. तुझ्या त्या हसण्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

रात्री पडल्या पडल्या एक सुचलं, ते सांगून टाकतो. तुम्ही पॅटर्नवाले पुढे आकसेल हे धरून आधीच थोडं जास्त देता. मी जन्मभर नेमकं तेवढंच दिलं आणि ते बरोबर भरलं म्हणून खूश राहिलो.

सकाळी धूळ पुसताना नलिनीने विचारलं, "मग आता? बॉयलर सहा मिलिमीटर कापला की झालं ना?"

खरंच, एवढंच आहे. दहा मिनिटांचं काम. मागच्या बाजूने एक चकती उतरवायची, कुणाला कळणारही नाही. करवत माझ्या भिंतीवर आहे. मी ती काढलीही होती.

परत टांगली.

बॉयलरला हात लावणार नाही. तुझ्या अब्बांची केबिनही जशी आहे तशीच बसेल. माझी चौकट मोडून नवी करतोय. चाकंही, दांडेही, दोन वर्षांचं सगळं. नलिनी म्हणाली, "किती दिवस लागतील?" म्हटलं, एकट्याला बरेच. तिने कपड्यांची दोरी ओढली आणि ओल्या साड्या छताला नेल्या, म्हणजे उजेड अडायला नको.

रंग मात्र काळाच. त्यात मी ऐकणार नाही.

आज स्टूल बाजूला सरकवलं आणि तुझ्या जागी, डावीकडे, उभ्याने सागवानाची पहिली फळी ठेवली. तुझ्या पट्टीने खूण केली. पाय दुखतात रे उभं राहून, बत्तीस वर्षं कसं केलंस! खूण करून झाल्यावर पट्टी पुसली आणि तुझ्या भिंतीवर तिच्या जागी टांगली. हिरवा रंग झाकला गेला.

चूक तुझीच होती, यूसुफ. पण इंजिन तुझ्या मापाचं होईल.